लहान मुलांना वाचून दाखवण्यासाठी चित्रपुस्तके कशी निवडावीत?

प्रश्न : मेघना, मूर्तिजापूर

नमस्कार. माझी मुलगी लवकरच तीन वर्षांची होईल आणि मुलगा पाच वर्षांचा आहे. रात्री झोपण्यापूर्वी दोघांना जवळ घेऊन पुस्तक वाचून दाखवण्याचा आमच्या घरी नेम आहे. बहुतेक वेळा मी वाचते आणि सासूबाई आल्या की त्या वाचतात. अडचण आहे ती पुस्तकांच्या निवडीची. इथल्या दुकानांत मुलांची म्हणून जी पुस्तके मिळतात, त्यांत अंकलिपी, फळाफुलांची आणि प्राण्यांची नावे, आणि पंचतंत्रातल्या गोष्टींचे चकचकीत संच यांचाच भरणा असतो. या संचांमधली चित्रे इतकी भडक आणि एकसाची असतात, की एका गोष्टीतला ससा उचलून दुसऱ्या गोष्टीत ठेवला तरी कोणाच्या लक्षात येऊ नये. मजकूर असा असतो, की मोठ्याने वाचताना मलाच धाप लागते. शेवटच्या पानावर चौकटीत तात्पर्य असते आणि ते ऐकण्यापूर्वीच मुलगा उठून गेलेला असतो.

ऑनलाइन मागवावे, तर मुखपृष्ठापलीकडे फारसे काही पाहायला मिळत नाही. त्यामुळे मला केवळ नावांची यादी नको आहे. पुस्तक प्रकट वाचनासाठी चांगले आहे की नाही हे कशावरून ओळखावे, हे मला अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे. दोन वयांच्या मुलांना एकच पुस्तक चालू शकते का? मुलगी रोज तेच पुस्तक मागते आणि मुलाला नवे हवे असते, तेव्हा काय करावे? भाषांतरित पुस्तके घ्यावीत का? सविस्तर लिहिलेत तर फार उपयोग होईल.


प्रतिसाद : सुनंदा, शालेय ग्रंथपाल, पुणे

मेघनाताई, शाळेच्या ग्रंथालयासाठी पूर्वप्राथमिक आणि पहिली-दुसरीच्या वर्गांची पुस्तके निवडण्याचे काम माझ्याकडे आहे. विक्रेता पुस्तके घेऊन आला, की मी मुखपृष्ठ किंवा मागचा मजकूर पाहण्यापूर्वी मधलेच एखादे पान उघडते आणि मोठ्याने वाचते. मनातल्या मनात वाचून चित्रपुस्तकाची पारख होत नाही, कारण ते मूल डोळ्यांनी नव्हे तर कानांनी ‘वाचणार’ असते. जिथे श्वास घ्यावासा वाटतो तिथे वाक्य थांबले पाहिजे, संवाद घरातली माणसे बोलतात तसा असला पाहिजे, आणि दहाव्यांदा वाचताना वाचणाऱ्यालाही कंटाळा येता कामा नये. ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वाचणारा कंटाळला, तर मुलाला ते आवाजावरून लगेच कळते.

दुसरी गोष्ट चित्रांची. मजकुरात ‘लाल फ्रॉक घातलेली मुलगी झाडाखाली बसली’ असे असेल आणि चित्रातही तेवढेच असेल, तर मुलाने चित्राकडे पाहायचे कशासाठी? चांगल्या चित्रपुस्तकात मजकूर अर्धी गोष्ट सांगतो आणि उरलेली अर्धी चित्र सांगते. याचे मला माहीत असलेले सर्वांत नेमके उदाहरण म्हणजे पॅट हचिन्स यांचे ‘रोझीज वॉक’ हे १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेले इंग्रजी पुस्तक. रोझी नावाची कोंबडी शेतवाडीत फेरफटका मारून जेवणाच्या वेळेपर्यंत घरी येते, एवढेच त्यातला मजकूर सांगतो. सगळे पुस्तक मिळून ३२ शब्दांचे एकच वाक्य आहे. चित्रांत मात्र तिच्या मागावर एक कोल्हा आहे, आणि तो दर वेळी कुठे ना कुठे फजीत होतो. कोल्ह्याचा उल्लेख मजकुरात एकदाही येत नाही. वाचणारी बाई शांतपणे कोंबडीबद्दल वाचत राहते आणि ऐकणारी मुले ‘मागे बघ, मागे बघ’ म्हणून ओरडत राहतात. वाचता न येणाऱ्या मुलाला वाचता येणाऱ्या मोठ्या माणसापेक्षा अधिक कळल्याचा हा जो आनंद आहे, तो ज्या पुस्तकातून मिळेल ते पुस्तक अवश्य घ्यावे.

मराठीत या कसोट्यांवर उतरणारे काम पाहायचे असेल, तर माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांपासून सुरुवात करावी. त्या स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रे काढतात, त्यामुळे शब्दांनी कुठे थांबायचे आणि चित्राने कुठून पुढे न्यायचे याचा निर्णय एकाच हाताने झालेला असतो. त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आणि २०१६ मध्ये टाटा ट्रस्ट्सचा पहिला ‘बिग लिटल बुक’ पुरस्कारही मिळाला. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली ‘राधाचं घर’ ही मालिका तुमच्या मुलीच्या वयाला योग्य आहे, तर ‘पाहुणी’ किंवा ‘मामाच्या गावाला’ ही पुस्तके मुलाला आवडतील. या पुस्तकांतली घरे ओळखीची वाटतात. दोरीवर कपडे वाळत असतात, आजीचा चष्मा असतो, मोठी माणसे आपापल्या कामात असतात आणि मूल त्या सगळ्यांच्या मधून वावरत असते. त्यात कोणी कोणाला उपदेश करत नाही.

पुस्तक हातात आल्यावर काही साध्या बाबीही पाहाव्यात. अक्षर मोठे आणि मजकूर चित्रावर न छापता मोकळ्या जागेत असावा, कारण गडद रंगावर काळ्या अक्षरांत छापलेल्या मात्रा आणि अनुस्वार रात्रीच्या दिव्यात दिसत नाहीत. अतिशय गुळगुळीत कागदावर दिव्याची तिरीप पडते आणि मांडीवर बसलेल्या मुलाला अर्धे चित्र दिसतच नाही. पान कुठे उलटते हेही पाहावे. ‘दार उघडले, आणि आत कोण होते?’ हे वाक्य उजव्या पानाच्या शेवटी आले, तर मूल स्वतःच पान उलटायला हात पुढे करते. तेच वाक्य आणि त्याचे उत्तर समोरासमोरच्या पानांवर छापले, तर ती सगळी उत्सुकता वाया जाते.


प्रतिसाद : अंगणवाडी सेविका, जव्हार

सुनंदाताईंचे म्हणणे मला पटते. माझ्यापुढे पंचवीस-तीस मुले असतात, त्यामुळे त्यात थोडी भर घालते. घरी दोनच मुलांना वाचायचे असले, तरी पुस्तक हातभर अंतरावर धरून पाहावे. चित्रातली मुख्य वस्तू तेवढ्या अंतरावरून ओळखू येत नसेल, तर मूल पुस्तकात डोके खुपसते, दुसऱ्याला काही दिसत नाही आणि भांडण सुरू होते.

आमच्याकडची बरीच मुले घरी वारली बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांच्यासाठी निम्मी नवीच असते. म्हणून मी आधी एकही शब्द न वाचता सगळी चित्रे दाखवते आणि मुलांना त्यांच्या बोलीत बोलू देते. कोणी चित्रातल्या झाडाला आपल्याकडचे नाव देते, कोणी ‘हा आमचाच बैल आहे’ म्हणते. त्यानंतर मजकूर वाचला, की शब्द अडत नाहीत. या कामासाठी ज्या पुस्तकात शेत, पाऊस, कोंबडी, बाजार, एसटी अशी मुलांच्या नित्याच्या पाहण्यातली दृश्ये असतात, ते पुस्तक मी प्रथम निवडते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी मुलांच्या भोवतालच्या वस्तूच शिकण्याचे साहित्य म्हणून वापरल्या. पुस्तक निवडतानाही मला तोच मार्ग योग्य वाटतो.

आमच्या पालघर जिल्ह्यात काम करणारी क्वेस्ट ही संस्था ‘गोष्टरंग’ या उपक्रमातून मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी शाळांमध्ये सादर करते. पुस्तकातली गोष्ट आवाजाने आणि हालचालीने किती उभी करता येते, हे तो प्रयोग पाहिल्यावर कळते. घरी नाटक करण्याची गरज नाही, पण मांजराचा आवाज आणि म्हातारीचा आवाज वेगळा काढता येईल असे संवाद पुस्तकात आहेत का, हे अवश्य पाहावे.


प्रतिसाद : एक आजोबा, डोंबिवली

जव्हारच्या ताईंच्या कामाविषयी मला पूर्ण आदर आहे, तरीही एका मुद्द्यावर माझे मत निराळे आहे. ओळखीचे जग असलेली पुस्तके हवीतच, परंतु तेवढीच असावीत असे मला वाटत नाही. माझ्या मुलांच्या लहानपणी मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा या प्रकाशनांची मराठी पुस्तके लोकवाङ्मय गृहाच्या दुकानात आणि प्रदर्शनांत अत्यंत स्वस्त मिळत असत. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि ती यायची थांबली. त्या पुस्तकांत बर्फ होते, अस्वले होती, लाकडी घरे होती, घरातल्या भट्टीवर झोपणारी माणसे होती. डोंबिवलीच्या चाळीतल्या मुलांनी यांपैकी काहीही पाहिलेले नव्हते. तरीही ती मुले त्या चित्रांत रमत, कारण चित्रकाराने ते जग मनापासून आणि बारकाईने काढलेले असे. टोपीची वीण दिसत असे, बर्फात उमटलेल्या पावलांवरून कोण कुठे गेले ते शोधता येत असे. अनोळखी जग मुलाला परके वाटत नाही. निष्काळजीपणे काढलेले जग मात्र, ते ओळखीचे असले तरी, मुलाच्या मनात घर करत नाही. म्हणून भाषांतरित पुस्तके जरूर घ्यावीत, मात्र भाषांतरालाही तीच मोठ्याने वाचण्याची कसोटी लावावी. वाक्य मराठी माणसाच्या तोंडातले वाटत नसेल, तर पुस्तक कितीही गाजलेले असो, ते बाजूला ठेवावे.

दुसरा मुद्दा भीतीचा. हल्ली पालक वाघ, राक्षस, हरवलेले मूल असे काही असले की पुस्तक परत ठेवतात. भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट आपल्या किती पिढ्यांनी ऐकली आहे! त्या गोष्टीत वाघ म्हातारीला खायलाच निघालेला असतो. ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’ असे म्हणून ती त्याला थोपवते आणि परतताना भोपळ्यात बसून ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ करत निसटते. माझी नात ही गोष्ट ऐकताना वाघ आला की माझ्या शर्टाची बाही घट्ट धरते आणि भोपळा घरंगळू लागला की बाही सोडून माझ्याआधी स्वतःच ‘टुणूक टुणूक’ म्हणते. वाघ काढून टाकला, तर तिने बाही कशासाठी सोडावी? मुलाला सुरक्षित मांडीवर बसून थोडेसे घाबरता यावे आणि त्यातून सुखरूप बाहेर येता यावे, ही गोष्टीची मोठी देणगी आहे. ज्या पुस्तकात असे पालुपद आहे आणि ते ठरावीक ठिकाणी परत परत येते, ते पुस्तक तीन वर्षांच्या मुलासाठी डोळे झाकून घ्यावे, कारण पालुपद आले की वाचणारा आणि ऐकणारा असा भेदच उरत नाही.

तात्पर्याच्या चौकटीबद्दल मेघनाताईंनी लिहिले आहे. ती वाचूच नये. गोष्ट चांगली असेल तर तिची आवश्यकता नसते, आणि गोष्ट चांगली नसेल तर चौकटीने ती सुधारत नाही.


प्रतिसाद : अनुजा, ड्युसेलडॉर्फ

माझ्या मुलांच्या कानावर मराठी केवळ घरातच पडते, त्यामुळे रात्रीचे पुस्तक हा आमच्यासाठी भाषेचा मोठा आधार आहे. मेघना, तुझी मुलगी एकच पुस्तक रोज मागते ना? तिला ते अवश्य वाचून दाखव. ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांचा या दृष्टीने अभ्यास केला. काही मुलांना आठवडाभरात त्याच त्या गोष्टी पुन्हा वाचून दाखवल्या, तर काहींना वेगवेगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानावर सारख्याच वेळा पडले होते, तरीही त्याच गोष्टी ऐकलेल्या मुलांना ते अधिक चांगले आले. पहिल्या वेळी मूल गोष्ट समजून घेण्यात गुंतलेले असते. पुढे काय होणार हे माहीत झाल्यावरच त्याचे लक्ष एकेका शब्दाकडे आणि चित्राच्या कोपऱ्यांकडे जाते. याच विद्यापीठातल्या नंतरच्या एका अभ्यासात असेही दिसले, की समोरासमोरच्या दोन्ही पानांवर चित्रे असण्यापेक्षा एकाच पानावर चित्र असेल तर मुले नवे शब्द अधिक शिकतात, कारण नेमके कुठे पाहायचे हे त्यांना कळते. वाचताना चित्रातल्या वस्तूवर बोट ठेवले तरी हे साधते.

वाचताना मुलाशी बोलण्याबद्दलही लिहिते. अमेरिकेतल्या ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पालकांना वाचता वाचता मोकळे प्रश्न विचारायला शिकवले होते. ‘हा कुत्रा आहे का?’ असे विचारले की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच येते. ‘हा कुत्रा काय करतोय?’ असे विचारले की मुलाला वाक्य जुळवावे लागते. सुमारे महिनाभराच्या अशा वाचनाने मुलांच्या बोलण्यात मोजता येण्याजोगा फरक पडला. म्हणून मी पुस्तक निवडताना असे पाहते, की त्यातल्या कोणत्याही एका चित्रावर मला तीन-चार मोकळे प्रश्न सुचतात का. सुचत नसतील, तर चित्रात काही घडतच नाही असे समजावे.

दोन वयांच्या मुलांसाठी मजकूर नसलेली पुस्तके फार उपयोगी पडतात. माधुरी पुरंदरे यांचेच ‘चित्रवाचन’ हे असे पुस्तक आहे. त्यातल्या चित्रावर लहान मूल वस्तू दाखवते आणि मोठे मूल तिथे काय घडले असावे ते सांगते. दोघांचे पुस्तक एकच असते, पण वाचन आपापले असते. शिवाय प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ तुला नक्कीच उपयोगी पडेल. २०१५ पासून तिथे अनेक भारतीय भाषांमधली चित्रपुस्तके विनामूल्य वाचता येतात, उतरवून घेता येतात आणि छापताही येतात. पुस्तके चार पातळ्यांत विभागलेली आहेत. तुझ्या मुलीसाठी पहिली आणि मुलासाठी दुसरी पातळी पाहावी. तिथे कोणालाही भाषांतर करता येते, त्यामुळे दर्जा सारखा नसतो, हे मात्र लक्षात ठेवावे. सर्व पाने आधी पाहता येत असल्यामुळे ‘न पाहता कसे घ्यावे’ ही तुझी अडचणही तिथे राहत नाही.


प्रतिसाद : सुनंदा, पुणे

अनुजाताई, प्रश्नांच्या बाबतीत थोडी सबुरी असावी असे मला सुचवावेसे वाटते. पहिल्या वाचनात गोष्ट सलग जाऊ द्यावी. कोंबडी दाराशी पोचली आहे, कोल्हा उडी मारण्याच्या बेतात आहे, आणि तेवढ्यात बाई विचारतात, ‘मुलांनो, कोंबडीला किती पाय असतात?’ अशाने गोष्टीचा धागा तुटतो आणि पुढच्या वेळी मुले पुस्तक पाहताच परीक्षेच्या तयारीने बसतात. बोलणे दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात सुरू करावे, आणि शक्यतो मुलाने काही दाखवल्यावर करावे.


प्रतिसाद : अनुजा, ड्युसेलडॉर्फ

मान्य आहे. पायांची संख्या विचारणे हा माझ्या दृष्टीनेही मोकळा प्रश्न नव्हे. मुलाने ज्याच्यावर बोट ठेवले त्याविषयीच बोलावे, हे योग्यच आहे.


प्रतिसाद : मेघना, मूर्तिजापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री स्टोरीवीव्हरवरच्या काही गोष्टी फोनवर मोठ्याने वाचून पाहिल्या, आणि पहिल्या दोन पानांतच कोणती पुस्तके ठेवायची आणि कोणती नाही हे कळू लागले. मुले मात्र फोन हातात आला की चित्रे सरकवत सुटतात, म्हणून निवडलेल्या गोष्टी छापून घ्याव्यात असा विचार आहे. छापताना काय काळजी घ्यावी? ‘राधाचं घर’ आणि ‘चित्रवाचन’ यांची मागणी नोंदवत आहे. नित्यनेमाच्या पुस्तकाबद्दल असे ठरवले आहे, की आधी मुलीचे रोजचे पुस्तक वाचायचे आणि मग मुलाचे नवे. सासूबाई म्हणाल्या, की भोपळ्यातल्या म्हातारीला पुस्तकाचीही गरज नाही, ती आपण तोंडपाठ सांगू.


प्रतिसाद : सुनंदा, पुणे

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. ती गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकावी. छापण्याबद्दल सांगायचे, तर एक मोठी गोष्ट घेण्यापेक्षा छोट्या गोष्टी रंगीत छापाव्यात, काळ्या-पांढऱ्या छपाईत चित्रांतले निम्मे तपशील हरवतात. कागद नेहमीच्या झेरॉक्सच्या कागदापेक्षा जाड घ्यावा, नाहीतर मागच्या पानाचे चित्र पुढे दिसते. दुकानदार पाने एकेका बाजूने छापून वर एका कोपऱ्यात पिन मारून देतो, तसे करू नये. पाने पुस्तकाच्या क्रमाने पाठपोट छापून मधोमध दुमडून घ्यावीत आणि घडीवर सुईदोऱ्याने तीन टाके घालावेत. पिन कालांतराने गंजते आणि लहान मुलाच्या बोटाला लागण्याची भीती असते. पाठपोट छापण्यापूर्वी एक कोरी प्रत दुमडून तिच्यावर पानांचे आकडे पेन्सिलीने लिहून दुकानदाराला दाखवावी, म्हणजे ‘आत कोण होते?’ याचे उत्तर पान उलटल्यावरच येईल.